पहिलं उड्डाण टेबलावर ठरतं

रेडिओ कंट्रोलचं नवं विमान हातातून सुटताच जमिनीवर आदळलं, की दोष उडवणाऱ्याला दिला जातो. खरं कारण पुष्कळदा घरीच घडलेलं असतं: तोल मागे गेलेला असतो, नाहीतर एलेरॉन उलटे जोडलेले असतात. म्हणून विमान कापण्या-चिकटवण्याला जितका वेळ द्याल, तितकाच जुळवणीला द्या.

नमुना म्हणून फोमबोर्डचं एक ट्रेनर विमान घेऊ. पंख धडाच्या वर बसवलेला, लांबी एक मीटर, रुंदी सगळीकडे २० सेंटिमीटर. बॅटरीसकट वजन ७०० ग्रॅमच्या आसपास ठेवलं, तर पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर ३५ ग्रॅम भार येतो. एवढ्या भाराचं विमान सावकाश उडतं आणि नवख्याला विचार करायला वेळ मिळतो. पंखाची टोकं मधल्या भागापेक्षा थोडी उंच ठेवा, म्हणजे कललेलं विमान आपणहून सरळ व्हायला बघतं. पंखात कार्बनची नळी घाला. जोडकामाला ग्लू गन चालते. साधा सुपरग्लू मात्र आतला थर्माकोलसारखा फोम विरघळवतो.

या आकाराला २२१२ मापाची, १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, तीन सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी आणि ९ ग्रॅमचे सर्व्हो पुरतात. केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे, ११.१ व्होल्टवर ही मोटर भाराविना सुमारे ११,१०० फेरे घेते. ती उलटी फिरत असेल, तर तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. बसवताना मोटरचं तोंड दोनेक अंश खाली आणि तेवढंच उजवीकडे ठेवा. थ्रॉटल वाढवताच नाक वर उचललं जाणं आणि विमान डावीकडे ओढलं जाणं यामुळे आवरतं.

आता जुळवणी. इथून पुढे शेवटच्या टप्प्यापर्यंत प्रोपेलर काढून ठेवा. चुकून थ्रॉटल सरकला, तर फिरतं पातं बोटं कापतं.

आधी ट्रान्समीटर चालू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. बंद करताना उलट क्रम. सगळे ट्रिम शून्यावर आणा आणि सर्व्हो मध्यावर येऊ द्या. मगच त्याची भुजा पुशरॉडला काटकोनात बसवून स्क्रू आवळा. भुजेला तीन-चार भोकं असतात. तार भुजेच्या आतल्या भोकात आणि कंट्रोल हॉर्नच्या बाहेरच्या भोकात घातली, की हालचाल लहान आणि नेमकी होते. एलेरॉन आणि एलिव्हेटर मागच्या कडेशी मोजून वर-खाली साधारण १२ मिलिमीटर हलू द्या. ट्रान्समीटरमध्ये ३० टक्के एक्स्पो ठेवलं, तर स्टिकच्या मध्याजवळ विमान मवाळ वागतं.

दिशा तपासायला विमानाच्या मागे उभे राहा आणि नाक तुमच्यापासून दूर ठेवा. स्टिक उजवीकडे नेली, की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. स्टिक स्वतःकडे ओढली, की एलिव्हेटर वर. रडरची स्टिक उजवीकडे, तर रडरही उजवीकडे. उलटं दिसलं, तर ट्रान्समीटरमध्ये तो चॅनेल रिव्हर्स करा. ही तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी करा, कारण उलटा एलेरॉन हवेत सावरायला वेळच देत नाही.

मग प्रोपेलर आकडे छापलेली बाजू पुढे ठेवून बसवा, पण बॅटरी फक्त जागेवर ठेवा, जोडू नका. आता गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्के, म्हणजे आपल्या पंखात ५ ते ६ सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंना खूण करा. खुणांखाली बोटं टेकवून विमान उचला. ते सपाट राहावं किंवा नाक किंचित झुकावं. शेपूट खाली जात असेल, तर बॅटरी पुढे सरकवा आणि जमलेल्या जागी रेघ मारा. नाक थोडं जड झालं, तर विमान आळशी होतं, पण ऐकतं. शेपूट जड झाली, तर ते ऐकेनासं होतं.

सिग्नल तुटला तर थ्रॉटल शून्यावर यावा, असं फेलसेफ लावून ठेवा; प्रोपेलर उतरवून, ट्रान्समीटर बंद करून ते खरंच चालतं का पाहा. मैदानावर रेंज तपासा. भारतात ड्रोन नियम, २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत, तेव्हा डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे याची आधी खात्री करा.

सकाळी वारा पडलेला असताना, असेल त्या झुळकेच्या तोंडावर, नाक वर न करता विमान सरळ पुढे सोडा. पुरेशी उंची गाठल्यावरच ट्रिम लावा. उतरल्यावर लगेच ट्रिम शून्य करू नका. एलेरॉन, एलिव्हेटर नेमके कुठे थांबलेत ते पट्टीने मोजा, मग पुशरॉडची लांबी बदलून ती जागा ट्रिम शून्यावर असतानाच मिळेल असं करा. एवढं झालं, की पुढच्या वेळी विमान हातातून सरळ निघतं आणि तुमचं सगळं लक्ष उडवणं शिकण्याकडे राहतं.