जनरल थिमय्या : सेनापती आणि पंच

लढाई थांबली की पकडलेले शिपाई आपापल्या घरी जातात. रीत अशी आहे. शिपायाला घरची ओढ असणारच. पण १९५३ साली कोरियात भलतेच झाले. तह झाला, आणि साडेबावीस हजारांवर कैदी म्हणाले, "आम्ही घरी जात नाही!"

आता यांचे करायचे काय?

कोरिया हा चीनच्या शेजारचा देश. १९४५ साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले. १९५० साली उत्तरेची फौज दक्षिणेत घुसली. दक्षिणेच्या मदतीला अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने इतर देश आले. उत्तरेच्या मदतीला चीन आला. पुढे तहाची बोलणी सुरू झाली, ती या कैद्यांवरून अडली. चीन म्हणे, आमची माणसं आम्हाला द्या. अमेरिका म्हणे, ज्याला जायचं नाही त्याला आम्ही ढकलणार नाही. एवढ्या एका गोष्टीपायी वर्षाहून जास्त बोलणी लांबली. तेवढे दिवस माणसे मरतच होती.

शेवटी तोड निघाली. पाच देशांचे पंचमंडळ नेमायचे. स्वीडन आणि स्वित्झर्लंड हे अमेरिकेच्या पसंतीचे. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया हे चीनच्या पसंतीचे. पाचवा भारत, आणि तोच अध्यक्ष. म्हणजे दोन मते इकडे, दोन तिकडे. निकालाचे मत आपले. शिव्याही आपल्यालाच!

या मंडळाचे अध्यक्ष म्हणून गेले जनरल थिमय्या. ते कुर्गचे. जन्म १९०६ सालचा, मडिकेरीचा. विलायतेत लष्करी शिक्षण घेऊन ते १९२६ साली अंमलदार झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. १९४८ साली काश्मीरच्या लढाईत त्यांनी झोजी खिंडीत रणगाडे चढवले. खिंड साडेअकरा हजार फूट उंच, नोव्हेंबरचा बर्फ. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असे शत्रूच्या ध्यानीमनी नव्हते. थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यात होते. असा हा लढवय्या माणूस, आणि त्याला काम मिळाले न लढण्याचे.

कैद्यांवर पहारा करायला आपले सुमारे सहा हजार जवान गेले. त्यांचे सेनापती आपल्या कोल्हापूरकडचे, जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही हटून बसले, की भारताच्या शिपायाने माझ्या भूमीवर पाय ठेवता कामा नये. तेव्हा आपले जवान बोटीवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट मधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन ठेवले. तिथे तंबूंची वस्ती उभी राहिली. तिला नाव दिले हिंदनगर.

कैदी काही गरीब गाईसारखे नव्हते. ते दगड मारीत, घोषणा देत. त्यांच्यातच दांडगे पुढारी होते. कुणी घरी जायचे नाव काढले तर त्याला ते धमकावीत, मारीत. म्हणून काही जण रात्री काटेरी तारेवरून उडी टाकून आपल्या पहारेकऱ्यांकडे येत आणि म्हणत, मला घरी धाडा.

एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरला ओढून आत नेले. बाहेर जवान बंदुका घेऊन सज्ज. थोरात हत्यार न घेता आत गेले. भोवती कैद्यांची गर्दी, आरडाओरडा. थोरातांनी त्यांना हटकले, की पाहुणा आला तर चहा-सिगरेट विचारायची रीत तुमच्यात नाही का? कैदी चपापले. चहा आला, बोलणे झाले, मेजर सुटला. पण दर वेळी असे जमले नाही. पुढे दंगा झाला तेव्हा गोळी चालवावी लागली आणि कैदी मेले. हेही सांगितले पाहिजे.

ठराव असा होता : प्रत्येक कैद्याला तंबूत आणायचे. त्याच्या देशाचा माणूस त्याला समजावील, "बाबा, घरी चल." मग दोन दारे. एका दाराने गेला तर घरी, दुसऱ्याने गेला तर नाही. याला ९० दिवस दिले होते. पण हा नाही म्हणे, तो अडवी, आणि काम चालले ते जेमतेम १० दिवस. बहुतेक कैद्यांना कुणी विचारलेच नाही.

मुदत संपली. अमेरिका म्हणे, आता यांना मोकळे करा. चीन म्हणे, समजावणे पुरे झाले नाही, अडकवून ठेवा. थिमय्यांनी दोन्ही केले नाही. जानेवारी १९५४ मध्ये ज्याने ज्याचे कैदी दिले होते त्याला ते परत केले. मोकळे झाले असे आपल्या तोंडाने म्हटले नाही. दोन्ही बाजू रागावल्या. मला विचाराल तर दुसरी वाट नव्हती. सहा हजार जवानांनी साडेबावीस हजार माणसे कायमची कोंडून कशी ठेवायची? सहाशेवर कैदी आपल्या देशी परतले. ८८ जणांना कुठलीच बाजू नको होती. ते आपल्या जवानांबरोबर बोटीने भारतात आले.

१९५७ साली थिमय्या आपल्या भूसेनेचे प्रमुख झाले आणि १९६१ साली निवृत्त झाले. पण घरी फार दिवस बसले नाहीत.

सायप्रस हे भूमध्य समुद्रातले बेट. तिथे ग्रीक आणि तुर्क एकाच गावात राहत. १९६३ च्या डिसेंबरात त्यांच्यात मारामाऱ्या पेटल्या. राष्ट्रसंघाने मध्ये उभी राहणारी फौज पाठवली, आणि १९६४ च्या जुलैपासून थिमय्या तिचे सेनापती झाले. पुढच्याच महिन्यात तुर्कस्तानच्या विमानांनी बेटावर बाँब टाकले. ही फौज कुणाला जिंकायला आलेली नव्हती. पीक उभे आहे, पण पलीकडून गोळी येईल म्हणून शेतकरी रानात जाईना. मग निळ्या टोपीचे शिपाई बांधावर उभे राहत आणि कापणी होई.

१८ डिसेंबर १९६५ रोजी सायप्रसमध्येच हृदय बंद पडून थिमय्या वारले. त्यांचा देह बंगलोरला आणला. पुढच्या वर्षी सायप्रसच्या सरकारने टपालाचे तिकीट काढले. त्यावर या कुर्गच्या माणसाचे चित्र होते.