कट्ट्यावरचा बाजारभाव

रविवार, संध्याकाळचे साडेसहा. जेसल पार्कच्या चौपाटीवर खाडीकडे तोंड करून टेकायला जागा मिळत नाही. भरती चढते आहे. डावीकडे पुलावरून विरार लोकल खडखडत नायगावकडे निघते. मागे शेवपुरीवाल्याच्या गाडीवरचा स्पीकर दर मिनिटाला कुणाकडून किती रुपये आले ते ओरडून सांगतो आहे.

कठड्यावर चौघं बसलेली आहेत. माझा भाचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला. त्याचा एक चष्मेवाला मित्र. दुसरा मित्र, त्याच्या वडिलांचा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा गाळा आहे. आणि या मित्राची बहीण, बी.कॉम.ला. चौघांच्या मोबाइलवर एकच खेळ उघडा आहे, ओल्ड स्कूल रूनस्केप. चित्रं इतकी जुनाट की वीस वर्षांपूर्वीच्या सायबर कॅफेतली वाटावीत. पण चौघांचं बोलणं ऐकलं तर शेजारच्या काकांना ही पोरं वाशीच्या मार्केट यार्डात कामाला आहेत असं वाटेल.

"यू कितीला चाललंय?"

"पडलंय. आत्ता विकू नको."

यू म्हणजे त्या खेळातलं एक झाड. भाचा ते तोडतो आणि ओंडके विकतो. पिशवीत जागा अठ्ठावीसच. एक ओंडका एक खण अडवतो. मग हजार ओंडके न्यायचे कसे? बँकेत ठेवायचे आणि त्यांची कागदी नोट करून घ्यायची. नोट एकाच खणात मावते, हातोहात फिरते, बँकेत नेली की पुन्हा माल होतो. आपल्या सराफांची हुंडी याच अडचणीतून निघाली. भाच्याला हुंडी ठाऊक नाही, पण ती वटवायची कशी ते पक्कं ठाऊक आहे.

"मामा, बाँड घ्यायचाय मला," तो मान वर न करता सांगतो.

बाँडची गंमत अशी. खेळाचा मोठा भाग वर्गणी भरणाऱ्यांनाच खुला आहे. परदेशातला कुणी खरे डॉलर मोजून कंपनीकडून बाँड घेतो आणि खेळातल्या बाजारात नाणी घेऊन विकतो. विकत घेणाऱ्याला चौदा दिवसांची वर्गणी मिळते. डॉलर गेले एकाचे, लाकडं फोडली दुसऱ्याने, आणि दोघांचं काम झालं. भाव मात्र कोटीच्या वर आहे. वडिलांकडे पैसे मागायचे नाहीत असा भाच्याचा हट्ट आहे, म्हणून हा लाकूडतोड्या.

बाजाराचं नाव ग्रँड एक्स्चेंज. रूनस्केपमध्ये तो 2007 साली आला. त्याआधी शहराच्या चौकात उभं राहून ओरडून माल विकावा लागे. आता भाव लिहून मांडायचा आणि निघून जायचं. जुळणारं गिऱ्हाईक आलं की सौदा आपोआप होतो. फुकट खेळणाऱ्याला तीनच सौदे मांडता येतात, वर्गणीदाराला आठ. कुणी एकाने सगळा माल गिळू नये म्हणून दर चार तासांत किती खरेदी करता येईल यावरही मर्यादा आहे. आपल्या बाजार समित्यांना साठेबाजीवर इतका साधा उपाय सुचलेला मी तरी पाहिला नाही.

बी.कॉम.वाली कधीच झाड तोडत नाही. ती चिलखतं घेते आणि विकते. "रून प्लेटबॉडी बघा," ती फोन माझ्यासमोर धरते. "जादूने वितळवलं की खेळ याची 39 हजार नाणी देतो. कधीही, कितीही. मग बाजारात हे त्याच्या फार खाली जाईलच कसं? पडलं की लोक घेतात, वितळवतात."

"म्हणजे हमीभाव," मी म्हणतो.

"हमीभाव, पण खरोखर मिळणारा," ती म्हणते, आणि तिचा भाऊ खो खो हसतो.

मी विचारतो, खेळ ही 39 हजार नाणी आणतो कुठून? कुठूनच नाही. तिथल्या तिथे तयार होतात. राक्षस मारला, नाणी पडली. चिलखत वितळवलं, नाणी आली. टांकसाळ प्रत्येकाच्या खिशात. मग नाणं मातीमोल व्हायला किती वेळ लागणार? म्हणून 2021च्या डिसेंबरात बाजारातल्या विक्रीवर एक टक्का कर बसला आणि 2025मध्ये तो दोन टक्के झाला. हा कर कुणाच्या तिजोरीत जात नाही. त्यातल्या काही नाण्यांनी बाजारातला माल विकत घेऊन नष्ट करतात, बाकीची नाणी नाहीशी होतात. पेशवाईत अंकुशी रुपया चांदवडी करून घेताना सराफ बट्टा कापत, पण तो निदान सराफाच्या घरी जाई.

सगळेच खेळ हे सांभाळू शकले नाहीत. डायब्लोच्या दुसऱ्या भागात सोन्याची किंमत इतकी गेली की लोक एका अंगठीत भाव सांगू लागले. तिसऱ्या भागात कंपनीने खऱ्या पैशांचा लिलाव सुरू केला आणि 2014च्या मार्चमध्ये स्वतःच बंद केला, कारण राक्षस मारण्यापेक्षा दुकान लावणं सोपं झालं होतं. चष्मेवाला घरच्या कॉम्प्युटरवर पाथ ऑफ एक्झाइल खेळतो. त्यातल्या व्यापारात भाव नाण्यांत सांगतच नाहीत. तिथे चलन म्हणून जे गोळे फिरतात, तेच शस्त्र सुधारायला वापरून संपतात. "खर्चच होतात ना, म्हणून किंमत राहते," तो म्हणतो. मला ही व्यवस्था सगळ्यांत हुशार वाटते.

तेवढ्यात भाचा सरसावून बसतो. कुणी अनोळखी खेळाडू समोर उभा आहे. त्याची चार तासांची मर्यादा संपली आहे म्हणे. हजार ओंडक्यांना बाजारापेक्षा चढा भाव देतो. सौद्याची खिडकी उघडते. एका बाजूला ओंडक्यांची नोट, दुसऱ्या बाजूला नाण्यांचा ढीग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 200के, म्हणजे दोन लाख. भाचा मान्य म्हणणार, इतक्यात पलीकडचा सौदा मोडतो. नेट अडकलं, पुन्हा करू, असं लिहितो. खिडकी पुन्हा उघडते. तीच नोट, तसाच ढीग.

"रंग बघ!" बी.कॉम.वाली ओरडते.

आकडा आता पिवळा आहे. 20000. लाखाच्या आत पिवळा, लाखाच्या वर पांढरा, कोटीपासून हिरवा. घाईत माणूस दोन आणि शून्यं पाहतो, रंग पाहत नाही. भाचा नकार देतो. पलीकडचा एक शब्द न बोलता चालू लागतो. भाच्याने होकार दिला असता, तरी आणखी एक पडदा आला असता: काय देतोस, काय घेतोस, सगळं अक्षरी लिहिलेलं, आणि पुन्हा एकदा विचारणा. पहिल्या पडद्यावर कुणी वस्तू हळूच काढून घेतली तर त्या जागी लाल उद्गारचिन्ह लुकलुकतं. आपल्या पैसे पाठवायच्या ॲपमध्ये असं लाल चिन्ह असतं तर किती म्हाताऱ्यांची पेन्शन वाचली असती!

"एवढी मरमर कशाला?" चष्मेवाला आता खालच्या आवाजात म्हणतो. त्याच्याकडे एक नंबर आहे. यूपीआयने रुपये पाठवायचे, तो माणूस खेळात येऊन नाणी देतो.

"आणि अकाउंट उडालं की?" पॉलिशवाल्याचा मुलगा विचारतो. बाहेरून नाणी घेणं खेळाच्या नियमांत बसत नाही, सापडलं की खातं जातं. शिवाय रुपये घेऊन तो माणूस आलाच नाही, तर तक्रार कुणाकडे करणार? तरीही हा धंदा जगभर चालतो. व्हेनेझुएलात बोलिव्हार कोसळला तेव्हा तिथली माणसं याच खेळात हिरवे ड्रॅगन मारून नाणी विकत होती आणि त्यावर घर चालवत होती. खेळातलं नाणं देशाच्या नाण्यापेक्षा भरवशाचं निघालं. पण त्यांची ती पोटाची गरज होती, इथे नुसती घाई आहे.

चष्मेवाला नंबर पुसत नाही. पण पाठवतही काही नाही. भाचा ओंडके बाजारात मांडतो, आजच्या भावापेक्षा थोडे चढे, आणि शेवपुरीच्या चार प्लेटी सांगायला उठतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने 2025च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी घातली. नुसती वर्गणी भरून खेळायचे असे खेळ त्या बंदीत येत नाहीत, तेव्हा ही पोरं कठड्यावर दिसतच राहणार. तुमच्या घरातही असा एखादा लाकूडतोड्या असेल, तर फोन हिसकावू नका. आज कशाचा भाव काय चाललाय ते त्याला विचारा, आणि खेळाबाहेर नाणी विकणाऱ्याला एक रुपयाही पाठवायचा नाही, एवढं मात्र बजावून ठेवा.