लष्करातून निघालेली पिस्तुले

तिकिटे व जुनी नाणी जमविण्याचा छंद आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांस आहे. परंतु सैन्याने सेवेतून काढलेली पिस्तुले जमविणारे गृहस्थही जगात पुष्कळ आहेत, हे ऐकून खांदा कॉलनीतील आमच्या बालवाचकांस नवल वाटेल.

युद्ध संपले अथवा नवा नमुना आला म्हणजे जुनी शस्त्रे कोठारात पडून राहतात. अमेरिकेच्या सैन्याने 1911 साली स्वीकारलेले पिस्तुल 1985 पर्यंत त्याचे मुख्य पिस्तुल होते. मग त्याची जागा 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाने घेतली. कोठारातील त्या जुन्या पिस्तुलांपैकी काही, नेमबाजीस उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेमार्फत, 2018 पासून तेथील नागरिकांस विकण्यात येऊ लागली.

संग्राहक काय पाहतो? ब्रिटिश फौजेतील वेब्ली रिव्हॉल्व्हर घ्या. त्याचा सहावा नमुना 1915 सालचा. तो मध्ये बिजागरीवर मोडतो व रिकामी काडतुसे आपोआप वर उचलली जातात. मुठीच्या तळाशी दोरी ओवण्याची कडी असते. धातूवर सरकारी मालकीचा बाण ठोकलेला असतो. आणि शस्त्र सेवेतून काढून विकले म्हणजे टोकास टोक भिडविलेले दोन बाण उमटवीत. एवढ्याशा खुणेवरून जाणता मनुष्य शस्त्राचा अर्धा इतिहास सांगतो. अमेरिकेत गेलेल्या कित्येक वेब्ल्यांचे फिरते नळकांडे तेथील काडतूस बसावे म्हणून घासण्यात आले. असे घासलेले हत्यार संग्राहकास कमी प्रतीचे वाटते. पोलादावरची मूळ निळी झाक घासून चकचकीत करणाऱ्यास तर तो क्षमाच करीत नाही.

आपल्या देशात मात्र हा छंद सहसा चालावयाचा नाही, आणि आमच्या मते ते ठीकच आहे. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवान्याची अट घातली व युरोपियनांस तीतून मोकळे ठेवले. हा अन्यायच होता. पुढल्याच वर्षी पनवेलजवळच्या शिरढोणचे सुपुत्र वासुदेव बळवंत फडके ह्यांनी सरकारविरुद्ध बंड उभारले. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. त्यात भेदभाव उरला नाही, पण बंधन राहिले. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसास परवान्यावर जास्तीत जास्त दोनच बंदुका वा पिस्तुले बाळगता येतात. पूर्वी तीन चालत. .455 व्यासाची वेब्ली आणि लष्करी 9 मिलिमीटरची पिस्तुले निषिद्ध वर्गात मोडतात. दुरुस्त करूनही जे उडू शकत नाही अशा कालबाह्य शस्त्रास मात्र कायद्यात सवलत आहे.

ही सक्ती कशासाठी, असे कोणी विचारील. 30 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींवर ज्यातून गोळ्या झाडण्यात आल्या ते बेरेट्टा पिस्तुल मूळ इटलीच्या सैन्यासाठी बनविलेल्या नमुन्याचे होते. एका फौजेसाठी घडलेले हत्यार हातोहाती फिरत कोठे पोचेल, ह्याचा नेम नसतो.

म्हणून पालकांस एक सूचना करावीशी वाटते. आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत जुने पिस्तुल निघाले तर ते मुलांच्या हाती देऊ नये. ते रिकामे आहे असे गृहीत धरून चाप ओढणे तर सर्वथा वर्ज्य. घोड्यास हात न लावता पोलीस ठाण्यास कळवावे. परवाना नसलेले शस्त्र जवळच्या ठाण्यात अथवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करण्याची सोय कायद्यात आहे.

ज्यांस जुनी शस्त्रे पाहावयाची आहेत त्यांनी मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. आणि जमवावयाचेच असेल तर त्याच ट्रंकेतील पदके, नोकरीचे दाखले व छायाचित्रे जपावी. पहिल्या महायुद्धातील पदकाची कड भिंगाखाली धरा. तीवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली सापडते.