शोलावनातील निळा रहिवासी

तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक या राज्यांच्या सीमा जेथे मिळतात, तेथे नीलगिरी पर्वत उभा आहे. त्याच्या माथ्यावर दूरवर गवताळ कुरणे पसरलेली आहेत. मात्र डोंगरांच्या घळींत, जेथे ओल टिकून राहते, तेथे बुटक्या, शेवाळलेल्या वृक्षांचे दाट सदाहरित वन आढळते. या वनाला 'शोला' म्हणतात. त्याच्या गर्द सावलीत 'नीलगिरी शोलाकिळी' हा पक्षी राहतो. मल्याळम भाषेत 'किळी' म्हणजे पक्षी. आकार चिमणीएवढा, पाय लांब. डोके, पाठ व छाती करडी-निळी, कुशी तांबूस आणि पोटाचा मध्यभाग पांढरा.

हा पक्षी सहसा दृष्टीस पडत नाही. जमिनीवरील पालापाचोळ्यातून तो किडे वेचतो आणि चाहूल लागताच झुडपांत नाहीसा होतो. पुष्कळदा त्याची शीळ तेवढी ऐकू येते. झाडाच्या ढोलीत किंवा दरडीतील पोकळीत तो घरटे करतो.

अशा लाजाळू पक्ष्याविषयी माहिती फार सावकाश जमत गेली. मद्रासच्या सैन्यातील शल्यवैद्य जेर्डन यांनी १८४० च्या दशकात त्याचे वर्णन केले. परंतु त्याला कोणत्या गटात बसवावे, याचा निर्णय दीर्घकाळ होईना. पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडील डोंगरांत पांढऱ्या पोटाची शोलाकिळी राहते. या दोघांना अनेक वर्षे एकच जात मानले जात असे. पुढे जनुके, रंग आणि गाणे यांचा एकत्रित अभ्यास झाला. त्याआधारे व्ही. व्ही. रॉबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या पक्ष्यांसाठी 'शोलिकोला' ही नवी प्रजाती मांडली आणि आणखी दक्षिणेच्या अशांबू डोंगरांतील तिसरी जातही वेगळी केली. थंड माथ्यांवर राहणारे हे पक्षी खिंडीतील उष्ण सखल प्रदेश ओलांडत नाहीत. म्हणून लाखो वर्षांत ते एकमेकांपासून वेगळे होत गेले.

हा वाद केवळ नावापुरता नव्हता. एकच जात मानली, तर तिचा प्रदेश विस्तीर्ण वाटतो. तीन मानल्या, की प्रत्येकीच्या वाट्याला थोडेच डोंगर येतात. नीलगिरी शोलाकिळीची नोंद आज जागतिक यादीत 'संकटग्रस्त' अशी आहे.

त्या थोड्या डोंगरांवरही एकोणिसाव्या शतकापासून चहाचे मळे वाढत गेले. जळणासाठी आणि कातडी कमावण्याच्या सालीसाठी परकी झाडे लावण्यात आली. गंमत अशी, की मराठीत ज्या झाडाला आपण 'निलगिरी' म्हणतो, ते या पर्वताचे नव्हेच. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्याच्याबरोबर तेथूनच आलेल्या वॉटलने कुरणे व्यापली. शोलाचे तुकडे झाले आणि सावली सोडून उघड्यावर न येणाऱ्या या पक्ष्याला शेजारचा तुकडाही दूर झाला.

जुन्या वॉटलच्या सावलीत मात्र काही ठिकाणी शोलाच्या वृक्षांची रोपे पुन्हा रुजलेली आढळली आहेत. त्यामुळे ही झाडे सरसकट तोडावीत, की त्यांच्या आडोशाने शोलाला वाढू द्यावे, याविषयी वन-अभ्यासकांत मतभेद आहेत.