सहलेखक : एक सयामी मांजर

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली हेलियम-३ या समस्थानिकाच्या घनरूपावर एक शोधनिबंध लिहिला. लेखक एकटेच, पण मजकुरात सगळीकडे ‘आम्ही’. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकाला हे चालणार नाही, असं एका सहकाऱ्यानं बजावलं. तेव्हा संगणकावर खाडाखोड करण्याची सोय सर्रास नव्हती. सगळी पानं टंकलेखन यंत्रावर पुन्हा बडवावी लागली असती. हेदरिंग्टन यांनी त्याऐवजी घरच्या चेस्टर नावाच्या मांजराला सहलेखक केलं. नाव दिलं एफ. डी. सी. विलार्ड. एफ आणि डी म्हणजे ‘फेलिस डोमेस्टिकस’, सी म्हणजे चेस्टर आणि विलार्ड हे चेस्टरच्या वडिलांचं नाव! निबंध छापून आला. पुढे त्याच्या काही प्रतींवर हेदरिंग्टन यांची सही आणि शेजारी पंजाचा ठसा उमटला.

१९८० मध्ये ‘ला रशेर्श’ या फ्रेंच मासिकात विलार्डच्या एकट्याच्या नावे लेखही आला. मला सर्वांत भावतं ते हे, की या खोडकरपणानं विज्ञानाला जराही उणेपणा आला नाही. मूळ निबंध पुढेही संदर्भासाठी वापरला गेला.

चुंबकीय क्षेत्रात बेडूक तरंगवणारे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांनीही २००१ च्या एका निबंधात टिशा या आपल्या हॅमस्टरला सहलेखक केलं. गाइम यांना २०१० साली ग्राफीनवरील संशोधनासाठी नोबेल मिळालं.