लग्नाचे फोटो : दुसऱ्यांदा न विणता येणारा माल

आमच्या कापडधंद्यात एक सोय आहे. थानाचा रंग चुकला, किनार वाकडी गेली, तर माल परत घेऊन बदलून देता येतो. लग्नाच्या फोटोंचे तसे नाही. रुख्सती एकदाच होते.

१९९४ साली माझ्या बहिणीच्या लग्नात फोटोग्राफरने शेवटचा रोल भरला, तो कॅमेऱ्यात नीट अडकलाच नाही. बटण दाबल्याचा आवाज छत्तीस वेळा आला, आकडा पुढे सरकत गेला, पण फिल्म जागची हलली नाही. वालिदसाहेब बहिणीच्या डोक्यावर कुरआन शरीफ धरून तिला दारापर्यंत पोचवत होते. तो फोटो आमच्या घरी नाही. दोन वर्षांनी वालिदसाहेबांचा इंतकाल झाला. फोटोग्राफर भला माणूस होता, त्याने सगळे पैसे परत केले. त्या पैशांचे काय करावे, हेच आम्हाला कळेना.

आता रोल गेले, मेमरी कार्ड आले. जोखीम मात्र तीच राहिली. आपली बरीच मुले या धंद्यात उतरत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना काम देणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट तयारीची. लग्नाच्या दोन दिवस आधी घरी जाऊन यावे. कोणाचे फोटो हवेतच, त्यांची नावे घरच्या वडीलधाऱ्या बाईकडून लिहून घ्यावीत. दादी, नानी, परगावचे मामू अशी माणसे गर्दीत निसटतात. दुल्हनचा जोडा, दागिने, मेंदी यांचे फोटो अंगावर घालण्यापूर्वी खिडकीच्या उजेडात काढावेत. आपल्या शहराच्या हिमरूची शेरवानी असेल तर फ्लॅश समोरून मारू नये. सुती ताण्यावरची रेशमी नक्षी समोरच्या झोताने नुसती चकाकते. उजेड बाजूने आला की विणकाम उठून दिसते. गडद लाल जोड्याचे डिजिटल कॅमेऱ्यात बारकावे जातात, सगळा लाल गोळा होतो. तेथे उजेड थोडा कमी धरावा.

दुसरी गोष्ट निकाहची. निकाह मशिदीत असेल तर कमिटीला आणि काझीसाहेबांना आधी विचारावे. परवानगी मिळाली तरी खुत्बा चालू असताना फ्लॅश नको, पुढे धावपळ नको. एका बाजूला बसावे. इजाब-कबूल, गवाहांच्या आणि नौशाच्या सह्या, दुआसाठी उठलेले हात, एवढे क्षण शांतपणे टिपले तरी पुरे.

तिसरी गोष्ट जनान्याची. अर्धे लग्न पडद्याच्या आत होते आणि पुरुष फोटोग्राफरला तेथे जाता येत नाही. ही अडचण जुनी आहे. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद रियासतीत होता, तेथे निजामांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास जनाना स्टुडिओ उघडला आणि तो मिसेस केनी-लेविक या बाईंच्या हाती सोपवला. जे त्यांना तेव्हा सुचले, ते आपण आज का करू नये? शिवणकाम, मेंदी शिकणाऱ्या आपल्या मुलींनी कॅमेराही शिकावा. या कामाला मागणी आहे आणि पडदानशीन घरे त्यासाठी आनंदाने दाम मोजतात.

चौथी गोष्ट रुख्सतीची. ती बहुधा रात्री होते. उजेड कमी आणि सगळ्यांचे डोळे ओले. फोटोग्राफरने आधीच दाराबाहेर, गाडीच्या बाजूला जागा धरावी. 'जरा इकडे बघा' असे म्हणून आई-मुलीला वेगळे करू नये. त्या वेळी बॅटरी ताजी आणि कार्डात जागा असलीच पाहिजे. शक्यतो दोन कार्डांवर एकदम फोटो उतरवणारा कॅमेरा वापरावा. घरी गेल्यावर झोपण्यापूर्वी सगळे फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवावेत आणि अल्बम गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कार्ड पुसू नये.

आता व्यवहार. आपल्याकडे 'घरचेच काम आहे' म्हणून तोंडी ठरते आणि मग वर्षभर अल्बम मिळत नाही. किंवा अल्बम तयार असतो आणि पैसे मिळत नाहीत. इसार किती, बाकी केव्हा, वलीमा धरला आहे की नाही, अल्बमची पाने किती, कोणत्या तारखेला द्यायचा, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे विचारल्याशिवाय दुल्हनचा फोटो दुकानाच्या काचेत किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत लावता येत नाही. हेही त्या कागदावर स्पष्ट लिहावे. कामात कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते.

पण आयोग भरपाई देईल, गेलेली रात्र देणार नाही. म्हणून कॅमेरा हाती घेणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे : लग्नाला निघण्यापूर्वी एक फोटो काढा, तो उमटला का ते बघा, मगच घराबाहेर पडा.