‘आधी’चा चेहरा

फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ला. मुंबई दूरदर्शनला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि टीव्हीवर जाहिराती सुरू व्हायच्या होत्या; त्या आल्या १९७६च्या जानेवारीत. रंगीत टीव्हीला तर १९८२ उजाडावं लागलं. म्हणजे पडदा कृष्णधवल असतानाच गोरेपणाची विक्री सुरू झाली होती.

कल्याणजवळच्या मोहन्यात त्या काळी एनआरसी जोरात होती. रेयॉनची कंपनी, तिची कॉलनी, तीन पाळ्या, पगाराच्या दिवशी फुललेला बाजार. देशावरची, कोकणातली, खानदेशातली, उत्तरेकडची कुटुंबं इथे येऊन राहिलेली आणि भोवती आगरी-कोळ्यांची जुनी गावं. उन्हात रापलेल्या माणसांचीच ही वस्ती. तरी गोरेपणाचं वेड इथे क्रीमने आणलं असं म्हणणं खोटं ठरेल. ‘नाकीडोळी नीटस आहे, पण रंगाने जरा डावी’ हे वाक्य कुठल्याही कंपनीच्या कॉपीरायटरने लिहिलेलं नाही. ते आपल्या माजघरातलं आहे. साय, डाळीचं पीठ, मसुरीचा लेप घरोघरी होताच. मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो १९१९पासून विकला जात होता. नव्या क्रीमने एवढंच केलं की घरातली कुजबुज ट्यूबमध्ये भरली, मग पाऊचमध्ये, आणि वाण्याच्या दुकानात दोरीला टांगली.

फेअर अँड लव्हलीची ती जाहिरात आठवून पाहा. एकाच मुलीचे चेहरे ओळीने मांडलेले. डावीकडचा काळवंडलेला आणि उदास, उजवीकडे सरकावं तसा उजळ आणि हसरा. पण मुलगी सगळीकडे तीच, आणि मुळात गोरी! डावीकडचा काळेपणा मेकअपचा, नाहीतर छपाईतला. सावळ्या मुलीला ‘नंतर’चं काम मिळणार नव्हतंच, ‘आधी’चंही मिळालं नाही. मला हा अपमानापेक्षा पोटावर मारलेला पाय वाटतो. जाहिरात हे काम आहे, त्याचे पैसे मिळतात. ते पैसेही गोरीलाच गेले.

याच सुमारास अमेरिकेत काय चाललं होतं? शिकागोच्या ‘एबनी’ मासिकाच्या फॅशन शोमधल्या कृष्णवर्णीय मॉडेलना आपल्या रंगाचं फाउंडेशन बाजारात मिळत नसे. पडद्यामागे त्या दोन-तीन बाटल्या एकत्र कालवून आपला रंग जुळवायच्या. ते पाहून हा शो चालवणाऱ्या युनिस जॉन्सन यांनी १९७३ला ‘फॅशन फेअर’ नावाने काळ्या त्वचेसाठीच प्रसाधनं काढली. पुढच्या वर्षी मॉडेल बेव्हर्ली जॉन्सन अमेरिकी ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आली, तिथवर पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिकडे त्या कातडीला शोभेल असा रंग तयार झाला आणि दोनच वर्षांत इकडे ती कातडीच उजळवण्याचं क्रीम आलं. रिहानाने २०१७मध्ये ‘फेंटी’ काढली ती एकदम ४० छटांमध्ये. तेव्हा कुठे बाकीच्या कंपन्यांनी आपापली शेडकार्डं लांबवली.

पडद्यामागची ती कालवाकालव मोहन्यात अजून बघायला मिळते. लग्नसराईत कुठल्याही पार्लरमध्ये जा. ब्युटिशियन स्टीलच्या पट्टीवर दोन फाउंडेशन घोटते आणि विचारते, ‘एक शेड वर घेऊ की दोन?’ नवरी तोंड उघडायच्या आत आई, मावशी किंवा करवली सांगून मोकळी होते, ‘दोन.’ मग हनुवटीखाली जिथे चेहरा संपतो आणि गळा सुरू होतो तिथे रेघ उमटते. ती पुसायला गळ्यावर बेस, मग खांद्यांवर, मग दंडांवर. मेंदी आणि हिरव्या चुड्यामुळे हात मात्र सुटतात. फोटोत चेहरा एकीचा आणि बोटं दुसरीची दिसतात. ब्युटिशियनला बोल लावण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागतं ते ती देते.

विरोध झालाच नाही असंही नाही. मुलगा नाही म्हणून खंतावणारा बाप, क्रीम लावून हवाई सुंदरी झालेली त्याची मुलगी, ही जाहिरात आठवत असेल. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तिच्याविरुद्ध तक्रार लावून धरली आणि २००३ला ती पडद्यावरून गेली. त्याच वर्षी कंपनीने मुलींच्या शिक्षणासाठी फेअर अँड लव्हलीच्याच नावाने फाउंडेशन काढलं, यावर काय बोलावं! २००५ला पुरुषांसाठीही क्रीम आलं. चेन्नईतून २००९ला ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहीम सुरू झाली, पुढे नंदिता दास तिचा चेहरा झाली. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन मंडळाने २०१४मध्ये सावळ्या माणसाला दुःखी, नाकारलेलं दाखवू नका असा नियम केला.

तरी ‘फेअर’ हा शब्द पाकिटावरून गेला तो यातल्या कशानेच नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. अमेरिकेतले कृष्णवर्णीय रस्त्यावर उतरले आणि बरोबर एका महिन्याने, २५ जूनला, कंपनीने नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. मोहन्याच्या बाजारात ‘ग्लो अँड लव्हली’ लटकू लागली ती अशी, सातासमुद्रापारच्या आंदोलनामुळे. बाकी ‘ग्लो’ म्हणजे काय हे दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला सांगावं लागलं नाही.

नाव बदलण्याच्या या घोषणेच्या आठ महिने आधी, २०१९मध्ये, स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सुरू झाली होती. सावळी नायिका, रंगावरून होणारा छळ, हे रोज रात्री घराघरात पोचवणं छोटी गोष्ट नव्हती, आणि रेश्मा शिंदे यांनी ही नायिका, दीपा, मनापासून उभी केली. पण तिचा सावळेपणा मेकअपचा होता. हिंदीतही त्याच वर्षी ‘बाला’ चित्रपटात भूमी पेडणेकरला काळं रंगवलं गेलं. क्रीमच्या त्या जाहिरातीत डावीकडे जे होतं तेच हे, फक्त आता सहानुभूतीने. सावळा चेहरा पडद्यावर चालत नाही असं म्हणायची तर सोयच नाही. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी स्मिता पाटील ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ गाजवून गेली. कोल्हापूरच्या उषा जाधवने ‘धग’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

एनआरसीला २००९मध्ये टाळं लागलं. कॉलनी ओस पडली, त्या कामगारांच्या मुली आंबिवलीहून लोकल धरून कामाला जातात आणि कॉलेजच्या एकांकिकांत कामंही करतात. मराठी मालिकांचे कितीतरी सेट ठाण्यात घोडबंदर रोडला आहेत, ट्रॅफिक नसेल तर इथून लांब नाहीत. पुढची सावळी नायिका लिहाल तेव्हा निर्मात्यांनो, ऑडिशनला या मुलींना बोलवा.